नष्ट करण्याचा हुकूम झालेला चित्रपट

१९२१ साली बर्लिनमध्ये 'प्राण' नावाची एक चित्रसंस्था निघाली. शब्द आपलाच, संस्कृतातला. संस्थेच्या दोन चालकांपैकी आल्बिन ग्राउ हा चित्रकार गूढविद्येत बुडालेला होता आणि त्या काळच्या युरोपात अशा मंडळींच्या तोंडी भारतीय शब्द सर्रास असत. दुसरा चालक एन्रिको डीकमान. प्राणने पुष्कळ चित्रपटांचे बेत आखले, पण तिच्या हातून पुरा झाला तो एकच: एफ. डब्ल्यू. मुर्नाउ या दिग्दर्शकाचा 'नोस्फेराटू'. मार्च १९२२ मध्ये तो पडद्यावर आला, थोड्याच काळात संस्थेचे दिवाळे वाजले आणि जुलै १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून तो विनापरवानगी बेतलेला होता.

आज शंभर वर्षांनंतर तोच चित्रपट जगभर दाखवला जातो, शिकवला जातो. तो उचललेला होता हे न्यायालयात ठरले. तो मूकपटांच्या काळातल्या श्रेष्ठ कलाकृतींपैकी एक आहे हे तीन-चार पिढ्यांच्या प्रेक्षकांनी ठरवले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कादंबरीवरून किंवा जुन्या चित्रपटावरून केलेला चित्रपट कसा जोखावा, या प्रश्नासाठी मला याच्याइतके बोलके उदाहरण दुसरे सापडलेले नाही.

चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण काय बोलतो ते आठवून पाहा. "पुस्तकात असं नव्हतं." "मुळाची सर नाही." ही वाक्ये इतक्या सहज तोंडी येतात की तो निर्णय आहे असेच आपल्याला वाटते. पण या वाक्यांनी समोर पाहिलेल्या दोन तासांबद्दल काहीच सांगितलेले नसते. त्यांनी फक्त दोन वस्तूंमधले अंतर मोजलेले असते.

'ड्रॅक्युला'चा पहिला रूपांतरकार स्वतः स्टोकरच होता, हे फारसे कोणाला माहीत नसते. डब्लिनचा हा माणूस लंडनमध्ये नटश्रेष्ठ हेन्री आयर्व्हिंगच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. कादंबरी २६ मे १८९७ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच्या आठ दिवस आधी, १८ मे रोजी, लायसियममध्ये तिचे नाट्यवाचन झाले. नाटकाचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून प्रकाशनाआधी एक जाहीर प्रयोग करून ठेवण्याची तेव्हा इंग्लंडात पद्धत होती. स्टोकरने त्यासाठी बराचसा मजकूर कादंबरीच्या मुद्रितांतून कापून हस्तलिखितात चिकटवला. पाच अंक आणि चाळीसहून अधिक प्रवेश झाले. म्हणजे खुद्द लेखकाने, कादंबरीचेच कागद वापरून केलेले हे रूपांतर. यापेक्षा मुळाशी प्रामाणिक काय असणार? पण ते नाटक स्टोकरच्या हयातीत पुन्हा कधी रंगमंचावर आले नाही. हक्क राखण्याचे काम त्याने चोख केले, आणि त्यापलीकडे त्याची काही अपेक्षाही नव्हती.

स्टोकर १९१२ साली वारला. त्यानंतर नऊ वर्षांनी प्राणच्या मंडळींनी हेन्रिक गालेन या लेखकाकडून पटकथा लिहवून घेतली. हक्क विकत घेतलेले नव्हते, पण लपवाछपवीही धड केली नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतच 'स्टोकरच्या ड्रॅक्युला कादंबरीवरून मुक्तपणे' अशा अर्थाची पाटी होती. नावे मात्र बदलली. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लोक झाला, जोनाथन हार्करचा हुटर, त्याची बायको मीना हिची एलन, व्हॅन हेल्सिंगचा प्राध्यापक बुल्वर. लंडन गेले आणि विसबोर्ग नावाचे एक काल्पनिक जर्मन बंदर आले. काळही मागे सरकून १८३८ झाला. कथेचा सांगाडा तोच राहिला: घरखरेदीच्या कामासाठी तरुण कारकून डोंगरातल्या किल्ल्यावर जातो, किल्ल्याचा मालक रक्त पिणारा निघतो, मातीने भरलेल्या शवपेट्या घेऊन तो जहाजाने गावात येतो. न्यायालयाला यापेक्षा जास्त पुरावा लागत नव्हता.

पण पडद्यावर काय आहे ते पाहू.

त्या काळचे गाजलेले जर्मन चित्रपट स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांपुढे घडत. १९२० च्या 'डॉक्टर कालिगारी'मध्ये तर सावल्यासुद्धा भिंतीवर रंगवलेल्या आहेत. मुर्नाउने आणि छायालेखक फ्रित्स आर्नो वाग्नरने कॅमेरा उचलून बाहेर नेला. विस्मार आणि ल्युबेक या बाल्टिककाठच्या गावांत, आज स्लोव्हाकियात असलेल्या ओरावा किल्ल्यावर आणि तात्रा पर्वतात त्यांनी चित्रण केले. भुताची गोष्ट आणि खरा वारा, खऱ्या लाटा, खरे घोडे. भीती त्यामुळेच वाढते. ऑर्लोक गावात विकत घेतो ते घर म्हणजे ल्युबेकमधली मिठाची जुनी कोठारे. एका ओळीत उभ्या त्या विटांच्या इमारतींना खिडक्यांची काळी भोके आहेत, आणि त्यांतल्या एका भोकातून तो समोरच्या एलनच्या घराकडे एकटक पाहत उभा असतो. तो काहीच करत नाही, नुसता उभा असतो. मला या चित्रपटातले सगळ्यांत भयंकर दृश्य हेच वाटते.

जहाजाचे दृश्यही तसेच आहे. खलाशी एकामागून एक मेले आहेत. सुकाणूला बांधून घेतलेला कप्तानही संपला आहे. आणि ते जहाज शिडे पसरून, आपल्याआप, आवाज न करता बंदरात शिरते. चौकटीच्या एका कडेने येते आणि हळूहळू सगळी चौकट भरून टाकते. कादंबरीत हेच जहाज वादळात, मोठ्या धामधुमीने किनाऱ्याला लागते. स्टोकरला शब्दांचे वादळ हवे होते, ते तिथे शोभते. मुर्नाउच्या जहाजाची शांतता पडद्यावरच होऊ शकते.

ऑर्लोकची भूमिका माक्स श्रेक या रंगभूमीवरच्या नटाने केली. श्रेक या जर्मन शब्दाचा अर्थ भीती. आणि ते त्याचे खरे नाव होते. स्टोकरचा ड्रॅक्युला पांढऱ्या मिशांचा उमराव आहे, लंडनमध्ये आल्यावर तो तरुण होतो, उत्तम इंग्रजी बोलतो, भर पिकॅडिलीत गर्दीतून फिरतो. त्याचे भय असे की तो आपल्यात मिसळू शकतो. ऑर्लोक कुठेच मिसळू शकत नाही. टक्कल, टोकदार कान, लांब नखे, आणि दात सुळ्यांच्या जागी नसून पुढेच, उंदरासारखे. तो येतो तेव्हा त्याच्याबरोबर उंदीर येतात, आणि उंदरांबरोबर प्लेग. रस्त्यातून शवपेट्यांची रांग जाते, दारांवर खडूने खुणा होतात. १९२२ चा जर्मन प्रेक्षक महायुद्धातून आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून नुकता बाहेर पडलेला होता. त्याला ही रांग परकी नव्हती. ज्याच्या गावात प्लेगच्या आठवणी आजी-पणजीकडून आल्या आहेत त्या पुण्या-मुंबईच्या वाचकालाही ती परकी वाटू नये.

आता सर्वांत मोठा बदल. पिशाच्च उन्हात मरते, ही गोष्ट आज लहान मुलालाही ठाऊक असते. ती स्टोकरच्या कादंबरीत नाही. तिथे ड्रॅक्युला दिवसा हिंडतो; फक्त त्याच्या शक्ती दिवसा चालत नाहीत. त्याचा शेवट कार्पेथियन पर्वतात, सूर्य मावळता मावळता होतो. जोनाथन गुरख्यांच्या कुकरीने त्याचा गळा चिरतो आणि एका अमेरिकन सोबत्याचा सुरा त्याच्या छातीत घुसतो. पुरुषांची एक टोळी, घोडदौड, शस्त्रे. 'नोस्फेराटू'त शस्त्र नाही, टोळी नाही. एलन पुस्तकात वाचते की निष्पाप स्त्रीने आपणहून रक्त देऊन त्याला कोंबडा आरवेपर्यंत रोखून धरले तर तो संपेल. ती खिडकी उघडते. जिन्यावरून त्याची सावली चढते, लांब बोटे भिंतीवरून सरकतात, सावलीचा हात तिच्या छातीवर येऊन मुठीत आवळला जातो. मग पहाट होते. खोलीत ऊन येते आणि ऑर्लोक विरून जातो. जमिनीवर थोडा धूर उरतो.

कादंबरीत सूर्यास्त होता, चित्रपटात सूर्योदय झाला. हे का झाले असावे याचे माझे उत्तर असे की गालेन आणि मुर्नाउ प्रकाशाने लिहीत होते. सावलीने बनलेला प्राणी ऊन लागताच नाहीसा होणे ही छापील पानावर एक चांगली कल्पना झाली असती. फिल्मवर ती डोळ्यांदेखत घडणारी घटना झाली. आणि ही घटना पुढे इतकी रुजली की १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर संस्थेने स्टोकरच्याच नावावर रीतसर काढलेल्या 'ड्रॅक्युला'त ख्रिस्तोफर ली खिडकीचा पडदा खेचल्यावर उन्हाने भस्म होतो. अधिकृत रूपांतराने शेवट घेतला तो बेकायदा ठरलेल्या रूपांतराकडून!

मग 'नोस्फेराटू'त कमी काहीच नाही का? आहे. कादंबरीतली मीना हार्कर फार हुशार बाई आहे. ती लघुलेखन शिकलेली आहे, टंकलेखन करते, सगळ्यांच्या रोजनिश्या, पत्रे, तारा तारखेवार लावते आणि त्या जुळवणीतूनच ड्रॅक्युलाचा माग लागतो. ती कादंबरी अशा कागदपत्रांचीच बनलेली आहे. चित्रपटाने ही मीना टाकून दिली, आणि मला तिची हळहळ वाटते. पण ही हळहळ वाचकाची आहे. चित्रपट पाहणाऱ्याला तिथे एलन दिसते आणि एलन पूर्ण आहे. पहिल्या दृश्यात ती नवऱ्याने आणलेली फुले पाहून, ती का मारलीस, असे विचारते. शेवटी ती स्वतःला देते. या दोन टोकांमधले तिचे सगळे वागणे एका सुरात आहे. कादंबरीतले जे चित्रपटात नाही ते सगळे उणे धरायचे ठरवले तर जगातले प्रत्येक रूपांतर तोट्यातच जाईल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण चित्रपट स्वतंत्रपणे पाहावा असे म्हटले की लोकांना ती सवलत वाटते. ती सवलत नाही. प्राध्यापक बुल्वरचे पात्र घ्या. चित्रपट त्याला दिमाखात आणतो, तो विद्यार्थ्यांना किडे खाणारी वनस्पती दाखवतो, सूक्ष्मदर्शकाखाली एक पारदर्शक जलजीव दाखवतो. आपल्याला वाटते हा माणूस पुढे काहीतरी करणार. तो काहीच करत नाही. शेवटी त्याला बोलावणे जाते आणि तो उशिरा पोचतो. कादंबरी वाचलेला प्रेक्षक म्हणतो, हा व्हॅन हेल्सिंग, आणि कादंबरीतल्या व्हॅन हेल्सिंगचे कर्तृत्व मनातल्या मनात याच्या खात्यावर जमा करतो. न वाचलेल्याला दिसते की हे पात्र अर्धवट राहिले आहे. त्याची हतबलता मुद्दाम आहे, विज्ञान इथे तोकडे पडते हेच दाखवायचे आहे, असे सांगणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. हतबल होण्यासाठी आधी झुंज द्यावी लागते. मूळ बाजूला ठेवले की दोषही असे उघडे पडतात.

आता न्यायालयाकडे. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी सभागृहात थाटामाटात पहिला खेळ झाला. काही आठवड्यांत लंडनमध्ये स्टोकरच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांच्या हाती निनावी टपालाने बर्लिनचे कार्यक्रमपत्रक पडले. त्यात कादंबरीचे नाव छापलेले होते. या बाईंचे वय तेव्हा साठीच्या पुढे, आणि 'ड्रॅक्युला'चे हक्क हा त्यांच्या उत्पन्नाचा आधार. त्यांनी लेखकांच्या ब्रिटिश संघटनेचे सभासदत्व घेतले आणि संघटनेमार्फत जर्मनीत दावा लावला. प्राण दिवाळखोर झालेली असल्याने नुकसानभरपाई कोणाकडून घेणार? तेव्हा बाईंनी प्रती नष्ट करण्याची मागणी धरली आणि तीन वर्षे चिवटपणे लढून ती मिळवली. त्याच वर्षी लंडनच्या फिल्म सोसायटीने हा चित्रपट दाखवायचे ठरवले, तेव्हा त्यांनी तिथेही हरकत घेतली.

चित्रपटप्रेमी लेखकांनी या बाईंना पुष्कळदा खलनायिका केले आहे. हे अन्यायाचे आहे. त्यांच्या नवऱ्याचे काम न विचारता वापरले गेले होते आणि त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. न्यायालयाचे कामच दोन वस्तू शेजारी ठेवून साम्य शोधण्याचे, आणि ते त्याने बरोबर केले. चूक झाली ती शिक्षेत. भरपाईच्या जागी नाश मागितला आणि दिला गेला. तो पुरा अमलात आला असता तर ल्युबेकच्या खिडकीत उभा असलेला तो माणूस आपण कधीच पाहिला नसता.

प्रती मात्र आधीच परदेशी पोचल्या होत्या. फ्रान्समध्ये एक होती, अमेरिकेत १९२९ साली चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेतल्या प्रतींवर कोणीतरी पात्रांना पुन्हा स्टोकरची नावे दिली, त्यामुळे कित्येक वर्षे इंग्रजी प्रेक्षकाला ऑर्लोक हा ड्रॅक्युला म्हणूनच माहीत होता. जर्मनीत १९३० साली मुर्नाउला न विचारता चित्रपटाची नवी काटछाट करून, आवाज जोडून आणि शेवट गोड करून 'बारावा तास' या नावाने तो फिरवला गेला. फ्रेंच प्रतीतली पाटी आणखी नवलाची. हुटर पूल ओलांडतो आणि भुते त्याला सामोरी येतात, अशा आशयाची ती पाटी अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रतों याला अतिशय प्रिय झाली. मूळ जर्मन पाटीपेक्षा ती वेगळी आहे. फ्रेंच अनुवादकाने आपल्या मनाने फिरवलेले एक वाक्य एका अख्ख्या वाङ्मयीन चळवळीच्या आवडीचे झाले.

आणि रंगांची हकिगत तर प्रत्येकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. त्या काळची फिल्म फार मंद होती, रात्री बाहेर चित्रण करणे जमत नसे. म्हणून रात्रीची दृश्ये भर उन्हात घेत आणि नंतर फिल्मची ती पट्टी निळ्या रंगात बुडवत. निळे म्हणजे रात्र, पिवळे म्हणजे दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकाला ही भाषा कळत असे. पुढे या प्रतींवरून नुसत्या काळ्या-पांढऱ्या नकला निघाल्या आणि रंग गेले. परिणाम असा की ऑर्लोक लख्ख उन्हात काखेत शवपेटी मारून गावातून चालला आहे, असे दिसू लागले. हाच प्राणी शेवटी उन्हाने मरतो! कित्येक प्रेक्षक यावर हसले. मीही पहिल्यांदा तशीच एक फिकट, घासलेली नक्कल पाहिली होती आणि जुन्या लोकांना एवढे साधे कसे सुचले नाही, असे मनात म्हटले होते. चूक माझी होती. मी जे पाहत होतो तो मुर्नाउचा चित्रपटच नव्हता. पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये जपलेल्या जुन्या रंगीत प्रतीच्या आधाराने २००५-०६ च्या सुमारास लुसियानो बेरियातुआ याने मुर्नाउ प्रतिष्ठानासाठी जीर्णोद्धार केला, तेव्हा निळी रात्र परत आली आणि कथा पुन्हा जुळली.

फ्लॉरेन्सबाईंनी रीतसर परवानगी दिलेले रूपांतरही आले. आधी इंग्लंडात हॅमिल्टन डीनचे नाटक, १९२४ साली. मग त्या नाटकाच्या वाटेने १९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल संस्थेचा 'ड्रॅक्युला', टॉड ब्राउनिंगचा, बेला लुगोसीच्या भूमिकेने अजरामर झालेला. त्याची पहिली वीस मिनिटे अप्रतिम आहेत. मग पात्रे दिवाणखान्यात येतात आणि खिडकीबाहेर काय घडले ते एकमेकांना सांगत बसतात.

त्याच सुमारास त्याच स्टुडिओत घडलेली गोष्ट मला फार आवडते. बोलपट नवा होता, भाषांतरित आवाज जोडण्याचे तंत्र बाल्यावस्थेत होते, म्हणून स्पॅनिश प्रेक्षकांसाठी वेगळा 'ड्रॅक्युला' काढायचे ठरले. दिवसा ब्राउनिंगचे कलाकार काम करून गेले की रात्री त्याच नेपथ्यात, त्याच पटकथेवर जॉर्ज मेलफर्ड स्पॅनिश चित्रपट घेई. कार्लोस विलारियास ड्रॅक्युला, लुपिता तोवार नायिका. मूळ, नेपथ्य आणि काळ तिन्ही एकच, तरी चित्रपट दोन झाले. स्पॅनिश चित्रपट जवळजवळ अर्ध्या तासाने लांब आहे, त्यात कॅमेरा जास्त हिंडतो, आणि छायालेखनात तो सरस आहे असे मानणारे समीक्षक पुष्कळ आहेत. लुगोसीची जरब मात्र विलारियासकडे नाही. प्रभातचे चित्रपट पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही रीत ओळखीची वाटेल. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असाच दोनदा घडला. १९३७ साली ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून शांतारामबापूंनी 'कुंकू' केला तेव्हा सोबत 'दुनिया न माने'ही केला. 'कुंकू' पाहताना शांता आपटेंच्या नीरेचा ताठ बाणा आपल्याला हलवतो तो पडद्यावर; कादंबरी न वाचलेल्यालाही तो तितकाच हलवतो.

एखाद्याला वाटेल की मुळाशी पुरते इमान राखले तर निदान घसरण तरी होणार नाही. याची परीक्षा १९९८ साली झाली. गस व्हॅन सँटने हिचकॉकचा १९६० चा 'सायको' जवळजवळ चौकटीला चौकट लावून पुन्हा केला, बर्नार्ड हरमनचे संगीतही तेच. चित्रपट निर्जीव निघाला. आणि स्वतः हिचकॉकने रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीतला लठ्ठ, चाळिशीचा नॉर्मन बाजूला करून अँथनी पर्किन्स हा सडपातळ, लाजरा तरुण घेतला होता.

मुर्नाउच्या चित्रपटाची पुनर्निर्मिती वर्नर हर्झोगने १९७९ साली केली. तोवर कादंबरीचे हक्क संपलेले होते, तेव्हा त्याने स्टोकरची नावे परत घेतली, पण चेहरा श्रेकचाच ठेवला; टक्कल, उंदराचे दात. हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये उंदीर सोडायला परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्याने शेजारच्या स्खीडाममध्ये हजारो उंदीर सोडले. काही दृश्ये मुर्नाउची जशीच्या तशी आहेत, म्हणून पुष्कळांनी साम्ये मोजली आणि चित्रपट बाजूला ठेवला. पण क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला पाहा. तो थकलेला आहे. मरता येत नाही याचे दुःख तो जवळजवळ कुजबुजत सांगतो. प्लेगने सरत आलेल्या गावात लोक चौकात मेजे मांडून उंदरांच्या गराड्यात अखेरचे जेवतात आणि नाचतात. शेवटी बायकोचे बलिदानही वाया जाते. नवराच पिशाच्च होऊन घोड्यावरून वाळूत निघून जातो. मुर्नाउच्या गावाला पहाट मिळाली होती, हर्झोगच्या गावाला मिळत नाही. हा एकटेपणावरचा चित्रपट आहे, आणि माझ्या मते स्वतःच्या पायावर उभा असलेला थोर चित्रपट आहे.

२०२४ साली रॉबर्ट एगर्सने तिसरा 'नोस्फेराटू' केला. त्याचा ऑर्लोक घोगऱ्या आवाजाचा, भरघोस मिशांचा सरदार आहे. शंभर वर्षांनी मिशा परतल्या, म्हणजे चेहऱ्यापुरता हा चित्रपट मुर्नाउकडून स्टोकरकडे गेला. तो सुरू होतो एलनपासून, तिने मुलीच्या वयात अंधारात घातलेल्या हाकेपासून. मेणबत्तीच्या उजेडातल्या त्याच्या चौकटी डोळ्यांत राहतात. मधल्या भागात मात्र पात्रे एलनच्या दुखण्याचा अर्थ फार बोलून दाखवतात, तिथे चित्रपट जड होतो. हे मी मुर्नाउ मनात आणून म्हणत नाही. १९२२ चा चित्रपट अस्तित्वातच नसता तरी ती वीस-पंचवीस मिनिटे जडच वाटली असती, आणि माझ्या लेखी दोष ठरायला एवढी अट पुरी झाली पाहिजे.

तुलना करूच नये असे मी म्हणत नाही. तुलना केली नसती तर उन्हातला मृत्यू ही मुर्नाउकडची भर आहे हे कळलेच नसते. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'मधले पिशाच्च पुस्तकात माणसासारखे दिसते आणि १९७९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत त्याला श्रेकचा चेहरा मिळतो, तर तीच कादंबरी मराठीत येताना नारायण धारपांच्या हातून 'लुचाई' होते, या वाटा तुलनेनेच दिसतात. पण हे सगळे कळते ते दुसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत चित्रपट पुरा पाहावा, तो आपल्याला कुठे धरतो आणि कुठे सोडतो ते त्याच्याच चौकटींवरून ठरवावे, आणि मग पुस्तक उघडावे. उलट क्रमाने गेले की डोळे पडद्यावर असतात आणि मन पानांचे आकडे तपासत बसते.

'ड्रॅक्युला' आणि 'नोस्फेराटू' दोन्ही आज कोणालाही मोकळेपणाने मिळतात. मीना हार्करसाठी कादंबरी अवश्य वाचा, पण काही दिवस जाऊ देऊन. चित्रपट आधी पाहा, तास-दीड तासाचाच आहे. फक्त सुरू करताना एवढे बघून घ्या की रात्र निळी आहे. काळी-पांढरी प्रत लागली असेल तर बंद करा आणि दुसरी शोधा.